संगणकाला ‘इथली वेळ’ कशी कळते?

प्रतिनिधी

रात्री दीड वाजता ऑनलाइन भरलेल्या बिलाच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख उमटते. अमेरिकेतील कंपनीने ठरविलेल्या मुलाखतीची वेळ उमेदवाराच्या संगणकावर एक तासाने चुकलेली असते. अर्जात जन्मतारीख १ जानेवारी भरली असता छापील प्रतीत ३१ डिसेंबर दिसते. वरवर पाहता या तक्रारींचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. समोरचा संगणक कोणत्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे चालतो, हे सॉफ्टवेअरने एक तर विचारलेले नसते किंवा चुकीच्या पद्धतीने विचारलेले असते.

संगणकाचे स्थानिक कालक्षेत्र, म्हणजेच टाइम झोन, ओळखणे हे काम वाटते तितके सोपे नाही. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ तर दिसतेच, मग ओळखायचे काय राहिले, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील एका सरकारी कर्मचाऱ्याने सांभाळलेली जगाच्या घड्याळांची नोंदवही, कलकत्ता आणि कोलकाता यांच्यातील नामांतर आणि मुंबईची विस्मृतीत गेलेली स्वतंत्र वेळ अशा अनेक गोष्टी हाती लागतात.

मोजणी एक, घड्याळे अनेक

संगणक वेळ मोजतो ती सेकंदांत. बहुसंख्य प्रणालींमध्ये ही मोजणी १ जानेवारी १९७० रोजी, ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री सुरू झाली असे मानले जाते. त्या क्षणापासून किती सेकंद लोटले, हा एकच आकडा मुंबई, लंडन किंवा टोकियो येथील संगणकात सारखाच असतो. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. म्हणूनच एखाद्या नोंदीत तारीख रिकामी राहिली आणि प्रोग्रामने तिला शून्य मानले, की आपल्याकडे ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३०’ अशी विचित्र वेळ छापून येते.

हा आकडा अचूक ठेवण्यासाठी संगणक इंटरनेटवरील वेळदर्शक सर्व्हरचा आधार घेतो. भारतात प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. परंतु असे सर्व्हर सांगतात ती जागतिक समन्वित वेळ, म्हणजे यूटीसी. विचारणारा संगणक दादरला आहे की दुबईत, हे त्यांना ठाऊक नसते आणि ते सांगतही नाहीत. उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएस संदेशाचीही तीच गोष्ट. त्यातून वेळ कळते, गणिताने ठिकाणही कळते, पण त्या ठिकाणी सरकारने घड्याळाचा कोणता नियम ठरविला आहे, हे कळत नाही. त्यासाठी कालक्षेत्रांच्या सीमांचा वेगळा नकाशा लागतो.

थोडक्यात, ‘आता कोणता क्षण आहे’ याचे उत्तर विज्ञान देते. ‘इथे किती वाजले’ याचे उत्तर मात्र कायदा देतो.

फरक म्हणजे कालक्षेत्र नव्हे

नवशिक्या प्रोग्रामरची पहिली चूक येथेच होते. तो संगणकाला विचारतो, ‘यूटीसीपासून तुझा फरक किती?’ भारतातील संगणक उत्तर देतो, ‘अधिक ५ तास ३० मिनिटे’. एवढ्यावर काम झाले असे समजून तो हा आकडा साठवून ठेवतो. मात्र फरक ही त्या क्षणापुरती स्थिती आहे, तर कालक्षेत्र हा भूतकाळापासून भविष्यापर्यंत लागू असलेल्या नियमांचा संच आहे.

श्रीलंकेचे उदाहरण बोलके आहे. आज कोलंबो आणि मुंबई यांची घड्याळे सारखीच चालतात. पण विजेच्या टंचाईमुळे श्रीलंकेने मे १९९६ मध्ये घड्याळे एक तास पुढे नेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती अर्धा तास मागे आणली आणि एप्रिल २००६ मध्ये पुन्हा साडेपाच तासांचा फरक स्वीकारला. ज्याने केवळ ‘५.३०’ हा आकडा साठविला आहे, त्याला २००० सालातील कोलंबोचे फोन बिल तपासताना अर्ध्या तासाची चूक पदरी येणार.

अमेरिकेत हा घोळ दरवर्षी होतो. डेन्व्हर आणि फिनिक्स या शहरांत जानेवारीत एकच वेळ असते. उन्हाळ्यात डेन्व्हरची घड्याळे एक तास पुढे जातात, फिनिक्सची जात नाहीत. हिवाळ्यात विचारलेला फरक दोन्ही शहरांना सारखाच दाखवील आणि जुलैत त्यांतील एकाला फसवील. मुंबईहून न्यूयॉर्कशी रोज रात्री ८ वाजता बोलणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असते. तेव्हा तेथे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, तर हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात.

लघुरूपांवर विसंबणे त्याहून धोक्याचे. ‘आयएसटी’ ही तीन अक्षरे भारतीय प्रमाणवेळेसाठी वापरली जातात, तशीच ती इस्रायल आणि आयर्लंड येथील वेळांसाठीही वापरली जातात. ‘बैठक ४ वाजता, आयएसटी’ असा निरोप डब्लिनहून आला, तर तो कोणत्या देशाचा, हे माणसालाही विचारावेच लागते.

अधिक-उणे चिन्हांचाही सापळा आहे. जावास्क्रिप्ट या भाषेत यूटीसीपासूनचा फरक विचारणारी जुनी आज्ञा भारतात उणे ३३० हे उत्तर देते. कारण स्थानिक वेळेत किती मिनिटे मिळविली असता यूटीसी मिळेल, असा तिचा अर्थ आहे. युनिक्सच्या जुन्या पद्धतीतही चिन्हे अशीच उलटी आहेत. शिवाय भारताचा अर्धा तास आणि नेपाळचा पाऊण तास विसरून पूर्ण तासांतच हिशेब करणारे प्रोग्रामही कमी नाहीत.

जगाच्या घड्याळांची नोंदवही

यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ऑल्सन यांनी एक नोंदवही सुरू केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करीत असताना त्यांनी जगातील कालक्षेत्रांचे नियम संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात मांडण्यास आरंभ केला. पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल एगर्ट यांनी ते काम सांभाळले. ‘टीझेड डेटाबेस’ म्हणून ओळखली जाणारी ही नोंदवही आज लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन आणि असंख्य प्रोग्रामिंग भाषांच्या पोटात आहे.

तिची खुबी नावांत आहे. प्रत्येक कालक्षेत्राला खंड आणि शहर अशा जोडीने ओळखले जाते. भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’, नेपाळचे ‘एशिया/काठमांडू’, तर चीनचे ‘एशिया/शांघाय’. देशांच्या सीमा आणि नावे बदलतात, वादग्रस्त ठरतात. शहरे त्या मानाने टिकून राहतात, म्हणून शहरे निवडली. राजधानीला मान द्यावा असा नियम नाही, त्यामुळे बीजिंगऐवजी शांघाय आले. साधारणपणे त्या क्षेत्रातील मोठ्या लोकवस्तीचे शहर घ्यावे आणि रूढ झालेले नाव किरकोळ कारणासाठी बदलू नये, असा संकेत आहे.

२०११ साली ही नोंदवही अचानक अडचणीत आली. ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने ऑल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. ऐतिहासिक वेळांची माहिती आपल्या मालकीच्या ॲटलासमधून घेतल्याचा तिचा दावा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये नोंदवहीचे जुने केंद्र बंद झाले. जगातील संगणकांची वेळ ज्यावर अवलंबून आहे, ते काम दोन व्यक्तींच्या खांद्यावर उभे होते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. इंटरनेटच्या नावांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्याच महिन्यात ही जबाबदारी स्वीकारली. खटला फेब्रुवारी २०१२ मध्ये मागे घेण्यात आला.

सॉफ्टवेअर नेमके पाहते कोठे?

‘इथली वेळ’ ओळखणे म्हणजे या नोंदवहीतील योग्य नाव शोधणे होय. प्रत्येक प्रणालीत त्याची जागा वेगळी आहे.

लिनक्समध्ये प्रथम ‘टीझेड’ नावाचे एक चल तपासले जाते. वापरणाऱ्याने त्यात काही लिहून ठेवले असेल तर तेच प्रमाण. अन्यथा प्रणालीच्या ‘ईटीसी’ कप्प्यातील ‘लोकलटाइम’ ही फाइल पाहिली जाते. बहुधा ती नोंदवहीतील एखाद्या फाइलकडे बोट दाखविणारा दुवा असते. दुवा ज्या फाइलकडे जातो, तिचे नाव हेच कालक्षेत्राचे नाव. मात्र काही ठिकाणी दुव्याऐवजी फाइलची प्रत ठेवलेली असते. अशा वेळी नियम सापडतात, पण नाव हरवते. काही प्रणाली यासाठी ‘टाइमझोन’ या वेगळ्या फाइलमध्ये नावही लिहून ठेवतात. पायथन भाषेतील या कामासाठीचे साहाय्यक प्रोग्राम याच जागा एकामागून एक धुंडाळतात.

विंडोजने आपली स्वतंत्र नावे ठेवली. तेथे भारताची नोंद ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ अशी असून ती रजिस्ट्री या अंतर्गत कोठारात असते. वापरणाऱ्याला यादीत मात्र चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही शहरे दिसतात. विंडोजचे नाव आणि नोंदवहीतील नाव यांची जोडी लावण्यासाठी युनिकोड संस्थेने एक तक्ता तयार केला आहे. विंडोजची नावे संख्येने कमी असल्याने ही जोडी प्रत्येक वेळी तंतोतंत जुळते असे नाही.

मोबाइलचा मार्ग निराळा. दूरसंचार कंपनीच्या मनोऱ्याकडून वेळ, फरक आणि देशाचा संकेतांक मिळतो. देश आणि फरक यांची सांगड घालून फोन कालक्षेत्र ठरवितो. भारतासारख्या एकाच प्रमाणवेळेच्या देशात हे सोपे जाते. अमेरिका किंवा रशियात ठिकाणाची मदत घ्यावी लागते.

ब्राउझरची कथा अधिक रंजक आहे. वेबसाइटला वाचकाच्या संगणकातील फाइली पाहता येत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षे प्रोग्रामर एक युक्ती योजत. ते ब्राउझरला १ जानेवारीचा फरक विचारीत आणि मग जुलैमधील एखाद्या दिवसाचा. दोन्ही सारखे आले, तर तेथे उन्हाळी वेळ पाळली जात नाही. जानेवारीचा फरक अधिक आला तर ठिकाण दक्षिण गोलार्धात असावे, जुलैचा अधिक आला तर उत्तर गोलार्धात. या दोन आकड्यांवरून संभाव्य शहरांची यादी आखडत आणली जाई. युक्ती नामी होती, पण अखेर तो अंदाजच. मुंबई आणि कोलंबो तिला वेगळे ओळखता येत नसत. गेल्या दशकात प्रमुख ब्राउझरांनी कालक्षेत्राचे नाव थेट सांगण्याची सोय दिली आणि या अंदाजाची गरज संपली.

कलकत्ता की कोलकाता?

नाव थेट मिळाले म्हणून घोळ संपला असे मात्र नाही. नोंदवहीत भारताचे नाव पूर्वी ‘एशिया/कलकत्ता’ असे होते. २००८ साली ते ‘एशिया/कोलकाता’ करण्यात आले. जुन्या प्रोग्रामांची गैरसोय नको म्हणून जुने नाव पर्यायी नाव म्हणून जपले गेले. दुसरीकडे युनिकोडच्या यादीने स्थैर्यासाठी जुनीच ओळख कायम ठेवली. परिणामी क्रोम ब्राउझर भारतातील संगणकाबद्दल नंतरही अनेक वर्षे ‘कलकत्ता’ असेच उत्तर देत राहिला. दोन्ही नावे एकच आहेत हे न जाणणाऱ्या प्रोग्रामने अक्षरे जुळवून पाहिली, की भारतीय ग्राहक ‘अज्ञात कालक्षेत्रा’त जाऊन पडतो. युक्रेनच्या राजधानीच्या नावाचे स्पेलिंग २०२२ साली नोंदवहीत बदलले, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला.

मुंबईची ३९ मिनिटे

‘एशिया/मुंबई’ असे नाव नोंदवहीत नाही. वर्तमानकाळासाठी त्याची गरजही नाही, कारण देशभर एकच प्रमाणवेळ आहे. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईने मात्र ती सहजासहजी स्वीकारली नाही. ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात पुढे कित्येक दशके चालू राहिली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. सरकारी कामकाज एका वेळेवर आणि शहरातील अनेक घड्याळे दुसऱ्या वेळेवर, अशी स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली.

नोंदवहीचा नियम असा, की १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे सारखीच चालली, त्यांना स्वतंत्र नाव द्यायचे नाही. त्यामुळे १९३० सालच्या मुंबईची वेळ विचारली, तर संगणक ठामपणे ‘५.३०’ सांगेल आणि बॉम्बे टाइमचा उल्लेखही करणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळाची नोंद मात्र त्यात आहे. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची घड्याळे आणखी एक तास पुढे, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. १९४३ साली पुण्यात किंवा नागपुरात सकाळी ७ वाजता झालेल्या जन्माची वेळ आजच्या हिशेबाने ६ वाजताची ठरते. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते. त्यामुळे पत्रिका करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा एक तास निर्णायक असतो. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, रुग्णालयाच्या, न्यायालयाच्या किंवा हवामानाच्या जुन्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न भेडसावतो. मूळ कागदावर कोणते घड्याळ प्रमाण मानले होते, हे लिहिलेले नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर ते ओळखू शकत नाही.

सायंकाळचे साडेसहा आणि हरवलेला दिवस

आता सुरुवातीच्या तक्रारींकडे वळू. वेबसाइट चालविणारे सर्व्हर बहुधा यूटीसीवर लावलेले असतात आणि ते योग्यच आहे. पण अशा सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामने ‘इथली तारीख कोणती’ असे विचारले, तर त्याला ग्राहकाची नव्हे, सर्व्हरची तारीख मिळते. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीमध्ये आदला दिवसच चालू असतो. अंतिम मुदतीच्या आसपास भरलेल्या पैशांच्या बाबतीत ही तफावत दंडाचे किंवा वादाचे कारण ठरू शकते.

जन्मतारखेची गफलतही तशीच. १ जानेवारी ही तारीख प्रोग्राम ‘१ जानेवारी, मध्यरात्र, भारतीय वेळ’ अशी समजतो. साठविताना तिचे यूटीसीत रूपांतर करतो, ते होते ‘३१ डिसेंबर, सायंकाळी ६.३०’. पुढे वेळेचा भाग कापून टाकला, की उरते ३१ डिसेंबर. माहितीच्या तक्त्यात सायंकाळचे साडेसहा वारंवार दिसू लागले, तर दुखणे काय आहे हे अनुभवी भारतीय प्रोग्रामर लगेच ओळखतो. वास्तविक जन्मतारखेला कालक्षेत्र नसतेच. ती कोणत्याही रूपांतराविना, केवळ तारीख म्हणून साठविली पाहिजे.

घरच्या संगणकावरही असा अनुभव येतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स आलटून पालटून वापरणाऱ्यांना विंडोजमधील घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे गेलेले आढळते. यंत्रातील बॅटरीवर चालणारे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर आहे असे मानते, तर लिनक्स सामान्यतः यूटीसीवर. घड्याळ बिघडलेले नसते, दोघांचे गृहीतक वेगळे असते.

सरकारे निर्णय बदलतात तेव्हा

नाव अचूक ओळखले तरी नियम ताजे नसतील तर उपयोग नाही. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने उन्हाळी वेळेचा कालावधी वाढविला आणि २००७ पासून तो अमलात आला. तेव्हा जगभरच्या कंपन्यांना संगणकांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. तयारीसाठी तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ तरी मिळाला. मोरोक्कोने ऑक्टोबर २०१८ मध्ये घड्याळे मागे न नेण्याचा निर्णय अवघ्या दोन दिवस आधी जाहीर केला. सामोआने तर आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला.

मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ रमझान संपेपर्यंत पुढे ढकलली, तीही ती सुरू होण्यास तीन दिवस उरले असताना. अनेक संस्थांनी हा निर्णय मानला नाही. काही फोन आपोआप पुढे गेले, काही मागेच राहिले आणि काही दिवस एका देशात दोन वेळा नांदल्या. अखेर सरकारने माघार घेतली आणि २९ मार्चच्या मध्यरात्री घड्याळे पुढे नेली. ज्या देशाचे नागरिकच वेळेबाबत एकमत नव्हते, तेथे संगणकाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नोंदवहीत नव्हते.

ओळख आणि खासगीपणा

कालक्षेत्राचे नाव ही वाचकाविषयीची माहितीही आहे. ते वेबसाइटला परवानगी न मागता मिळते आणि त्यातून वाचक कोणत्या प्रदेशातील आहे याचा अंदाज येतो. पडद्याचा आकार, भाषा आदी तपशिलांशी जोडले असता ते माणसाचा माग काढण्यास उपयोगी पडते. म्हणूनच खासगीपणा जपण्यासाठी बनविलेला टॉर ब्राउझर सर्वांचे कालक्षेत्र यूटीसी असल्याचे सांगतो. अर्थात, वेबसाइटला मिळालेले उत्तर खरे असेलच, याची हमी नाही. प्रवासी अनेकदा आपला लॅपटॉप घरच्याच वेळेवर ठेवतात.

यामुळे जाणकारांचा सल्ला असा, की ओळखलेले कालक्षेत्र हा पहिला अंदाज मानावा आणि महत्त्वाच्या ठिकाणी वापरणाऱ्याला ते दाखवून बदलण्याची मुभा द्यावी. मुलाखत, विमान किंवा डॉक्टरांची भेट यांची वेळ दाखविताना शेजारी शहराचे नाव छापले, तर अर्धे घोटाळे तेथेच टळतात.

ध्यानात ठेवावे असे

● घडून गेलेल्या घटनेची वेळ यूटीसीत साठवावी, दाखविताना स्थानिक वेळेत बदलावी.

● भविष्यातील भेटीसाठी स्थानिक वेळ आणि कालक्षेत्राचे नाव दोन्ही जपावे. मधल्या काळात नियम बदलू शकतो.

● केवळ फरकाचा आकडा किंवा ‘आयएसटी’सारखे लघुरूप यांवर विसंबू नये.

● जन्मतारीख, सण, सुट्टी या नुसत्या तारखा आहेत. त्यांना वेळ चिकटवू नये.

● ‘कलकत्ता’ आणि ‘कोलकाता’ ही एकाच कालक्षेत्राची नावे आहेत, हे प्रोग्रामला सांगून ठेवावे.

● संगणक आणि फोन अद्ययावत ठेवावेत. कालक्षेत्रांचे नवे नियम त्याच मार्गाने पोचतात.

● परदेशी व्यक्तीशी वेळ ठरविताना ‘तुमच्या घड्याळाप्रमाणे’ की ‘आमच्या’, हे शहराच्या नावासह लेखी विचारून घ्यावे.